रंगाच्या डब्याला मुंग्या

फिरकीच्या हातची फुकटची गोळी डोळे मिटून खाणारा माणूस आख्ख्या गल्लीत उरला नव्हता. गोळ्या-पेपरमिंटचा त्याचा धंदा. पुढे दुकान, मागे कारखाना, वर बिऱ्हाड. माल एक नंबर, तक्रारीला जागा नाही. पण त्याने "घ्या की एक" म्हणून हात पुढे केला की माणूस आधी वास घ्यायचा, मग गोळी उजेडात धरून बघायचा आणि तरीही "नको, आत्ताच चहा झालाय" म्हणून सटकायचा. लिंबाच्या गोळीच्या पोटात मिरपूड भरायची ती यानेच. न्हाव्याला साखरेची साबणवडी करून दिली ती यानेच. बिचारा गिऱ्हाइकाच्या गालावर घासत बसला, फेस काही येईना, माशा मात्र आल्या. लोकांची फिरकी घेता घेता नावच फिरकी पडलं. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

बायको तेवढी कधी फसली नाही. ती पाकावर बसायची. भट्टीवर पातेलं चढलं की ते उतरेपर्यंत ती जागची हलायची नाही, कुणी आलं-गेलं तरी मान वर नाही. पाकाला नुसतं हुंगून सांगायची की आच जास्त झालीय. जिभेवर थेंब घेतला की साखर कुठल्या पोत्यातली तेही सांगायची. अशा बाईला काय कप्पाळ शेंडी लावणार? फिरकीने लग्नानंतर प्रयत्न करून बघितले, आणि दरवेळी स्वतःच तोंडघशी पडला.

दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीतली गाठ काढली होती. सुटलो म्हणून दोघं निर्धास्त झाले होते, तर गेल्या हिवाळ्यात पाठ दुखायला लागली आणि तपासणीत दुखणं हाडात निघालं. मोठे डॉक्टर म्हणाले, आता घरीच गोळ्या घ्यायच्या. सध्या हेच औषध. त्या 'सध्या'च्या पुढे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि या दोघांची विचारायची छाती झाली नाही.

गोळ्या समजावून द्यायला एक सिस्टर होत्या. शाळेतल्या गणिताच्या बाई असतात तशा. त्यांनी सगळं दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा या दोघांकडून वदवून घेतलं. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ, जेवण झाल्या झाल्या, पाण्याबरोबर. मग एक आठवडा अजिबात नाही, सुट्टी. अशी एक फेरी. पट्टीतून काढून ठेवायच्या नाहीत, तोडायच्या नाहीत, कुटायच्या नाहीत; घरातल्या दुसऱ्या कुणी उघड्या हाताने हाताळायच्या नाहीत. एखादी राहिली तर पुढच्या वेळी दुप्पट नाही. तोंड आलं, जुलाब लागले, तळहात सोलायला लागले, तर अंगावर काढायचं नाही. आणि ताप आला तर घरातली तापाची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही. कार्डावरच्या नंबरला फोन, वेळ कुठलीही असो. परत हेलपाटा नको म्हणून दोन फेऱ्यांचं औषध एकदम दिलं होतं, पण दुसरी फेरी रक्त तपासून, सिस्टर सांगतील तेव्हाच.

फिरकीने विचारलं होतं, गोड असतात का? सिस्टर हसल्या होत्या. बायको हसली नव्हती. ती त्या लांबट, फिकट केशरी-गुलाबी गोळ्यांकडे बघत होती. माल तपासायची तिची नजर होती ती.

सुट्टीचा आठवडा लागला त्याच दिवशी फिरकी साखरेच्या पोत्यामागे चाळणी शोधायला वाकला आणि त्याच्या हाताला रिकाम्या पट्ट्या लागल्या. एक-दोन नाही, चांगला जुडगा. दुसऱ्या फेरीच्या. सगळ्या फोडलेल्या.

तो वर गेला. बायको खिडकीशी बसली होती, हातात पातळ सुती मोजे. बोटांची टोकं सोलली होती तिची. पट्टी दाबवत नाही म्हणून तिने सगळ्या गोळ्या एकदाच कशाबशा काढून बरणीत ओतल्या होत्या. पेपरमिंटच्या बरणीत. बरणी उशाशी.

"आज सुट्टी आहे ना गं?" फिरकी म्हणाला.

"पातेलं अर्ध्यात उतरवतात का?" ती म्हणाली. आवाज अगदी शांत. "इतकी वर्षं पाक बघताय. मधेच आच काढली की काय होतं?"

फिरकीला उत्तर माहीत होतं. आच काढली की पाक दाणे धरतो. एका कडेला एक बारीक खडा जमतो आणि बघता बघता सगळं पातेलं गाठीगाठीचं होऊन बसतं. फेकून द्यायच्या लायकीचं.

"दोन आठवडे आच दिली," ती म्हणाली, "आता आठवडाभर उघडं टाकू? परत दाणे धरायला?"

फिरकीने सिस्टरचं नाव घेतलं. तिने त्याला शपथ घातली. त्यांना कळलं तर त्या गोळ्या काढून घेतील, आणि या गोळ्यांच्या पलीकडे काही नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे, असं म्हणाली. मग ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि जन्मात कधी ज्याची बोलती बंद झाली नाही असा तो माणूस गुपचूप जिना उतरला.

वाद घालायचा असतो कसा, ते त्याला माहीतच नव्हतं. गंडवायचं कसं, तेवढं माहीत होतं. गोळ्या ठोकायचं यंत्र त्याच्याकडे होतं. लांबट गोळीचा जुना साचाही कुठेतरी पडला होता. त्याने दार लावून घेतलं. बारीक साखर, डिंक, केशरी रंगाची चिमूट, त्यात गुलाबीचं एक बोट. पहिला घाणा फार पिवळा झाला. दुसरा बरा. मग पॉलिशच्या फिरत्या भांड्यात टाकून त्यावर थर चढवला, वाळवला, परत चढवला. बाहेर निघाल्या त्या गोळ्या अशा की बनवणाऱ्या कंपनीनेही परत घेतल्या नसत्या, इतक्या आपल्याच वाटल्या असत्या. आयुष्यभर केलेल्या खोट्या मालात हा सगळ्यात खरा उतरला होता. त्याला हसू यायला हवं होतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि पालथ्या हाताने डोळे पुसले.

कारण हा माल खपणार होता तो एकाच गोष्टीवर. तिच्या जिभेची चव गेली होती. तोंड आतून फोडांनी भरलेलं, पाणीसुद्धा धातूसारखं लागतं म्हणायची. जी जीभ साखरेचं पोतं ओळखायची, तिच्यावर फिरकी साखर ठेवणार होता आणि तिला कळणार नव्हतं.

ती आंघोळीला गेली तेव्हा त्याने रबरी मोजे चढवले, खऱ्या गोळ्या केशरी रंगाच्या रिकाम्या डब्यात ओतल्या, खोट्या बरणीत भरल्या. डबा कारखान्यात वरच्या फळीवर, हिरव्या आणि लाल डब्याच्या मधे. त्या दिवशी संध्याकाळी तिने जेवण उरकून बरणीतून गोळ्या घेतल्या, पाणी प्याली, तोंड वाकडं केलं. फिरकी दारात उभा. तोंडावर मख्खपणा. फसली. आयुष्यात पहिल्यांदा फसली.

आता हिला आराम पडेल, असं तो धरून चालला. दोन दिवस तसं वाटलंही, की त्याने वाटून घेतलं, देव जाणे. मग तिचे जुलाब थांबेनात. पेज घशाखाली उतरेना. आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे ती बघायची नाही. फिरकी स्वतःची समजूत घालायचा: आधीच्या दोन आठवड्यांचा असर आहे, उतरायला वेळ लागतोच, विष आता बंद आहे ना, झालं तर. सिस्टरना फोन करायला तो दोनदा उठला आणि दोनदा बसला. फोन केला तर सांगावं लागणार, मी बनावट गोळ्या चारतोय. तिने चोरून खाल्लेल्याही सांगाव्या लागणार, म्हणजे शपथ मोडणार. म्हणून त्याने वाट बघितली. वाट बघायची नाही, हे वदवून घेतलं होतं त्याच्याकडून.

चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी तो पेपरमिंटचा रंग घ्यायला फळीशी गेला. भिंतीवर मुंग्यांची रांग होती. गोळ्यांच्या कारखान्यात मुंग्या म्हणजे घरचीच माणसं, त्याने लक्षही दिलं नसतं. पण रांग साखरेच्या पोत्याकडे जात नव्हती. सांडलेल्या पाकाकडेही नाही. ती भिंतीवरून सरळ वर चढत होती, फळीवर वळत होती आणि हिरव्या आणि लाल डब्याच्या मधल्या डब्यात शिरत होती.

केशरी डब्यात.

त्याने स्टूल ओढलं, डबा काढला, झाकण उचललं. आत मुंग्यांचा नुसता बुजबुजाट. एक गोळी अर्धी कुरतडलेली, आतून पांढरी शुभ्र. जिभेला लावून बघायची गरज नव्हती. हाच रंग, हेच पॉलिश, एका टोकाला साच्याची जराशी चीर. त्याच्याच हातचा माल.

म्हणजे बरणीत खऱ्या होत्या. कधीपासून होत्या?

तो जिन्यावरून धावत नाही, पडत वर गेला. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, अंगावर दोन चादरी, आणि चादरींखाली थडथड. त्याने कपाळाला हात लावला आणि हात मागे घेतला. भट्टीवरून उतरलेल्या पातेल्यासारखं कपाळ.

"ताप कधीपासून आहे?"

"सकाळपासून," ती म्हणाली. ओठ चिकटत होते. "जाईल. एक तापाची घेतली मी. फोन करू नका हं. त्या बंद करतील."

"अगं पण तू खऱ्या..."

"मुंग्या लागल्या हो बरणीला," ती डोळे न उघडता म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी. माझ्या औषधाला कधी मुंग्या लागल्या होत्या का?" तिने चादर गळ्यापर्यंत ओढली. "आणि लपवायला तुम्हाला रंगाचे डबे सोडून दुसरी जागा सुचत नाही. तुमच्या गोळ्या तिथे ठेवून दिल्या. म्हटलं, तुम्हाला तरी झोप लागू दे."

फिरकीला त्या क्षणी जे वाटलं त्याला नाव नाही. तिने त्याला टोपी घातली होती, त्याच्याच टोपीने, आणि तो इतके दिवस समाधानाने घोरत होता.

त्याने कार्ड काढलं. ती उठून त्याचा हात धरायला गेली, पण मोज्यातल्या सोललेल्या बोटांना धरवेना. "माझी शपथ आहे," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे पाठ केली आणि नंबर लावला. उभ्या आयुष्यात त्याने तिच्याकडे पाठ केली नव्हती.

सिस्टरनी उचलला. फिरकीने सगळं एका दमात ओकलं: सुट्टीच्या आठवड्यातल्या गोळ्या, बरणी, साचा, डबा, मुंग्या, ताप.

"मस्करी करताय का?" सिस्टरनी विचारलं.

"नाही हो," फिरकी म्हणाला. "आज नाही."

मग सिस्टर भराभरा बोलल्या. एकही गोळी द्यायची नाही, तापाचीसुद्धा नाही. बरणी, डबा, रिकाम्या पट्ट्या, जे असेल ते पिशवीत घालून बरोबर आणायचं, मोजे घालून. आत्ता निघायचं.

गाडी मेव्हण्याकडे होती. तो प्लंबर. फिरकीने त्याला पूर्वी तीनदा न गळणाऱ्या नळासाठी पळवलं होतं, एकदा तर भर जेवणावरून. फोन उचलताच तो म्हणाला, "बोला दाजी, आज कुठला पाइप फुटला?" "तुझी बहीण... गाडी घेऊन ये," एवढंच फिरकी म्हणाला. मेव्हण्याने पुढे काही विचारलं नाही. गल्लीत गाडी आली तेव्हा त्याच्या हाताला अजून पाइपाला लावायचा पांढरा लेप तसाच होता, आणि बहिणीला उचलताना तो तिच्या चादरीला लागला.

दवाखान्यात तिला वेगळ्या खोलीत घेतलं. रक्त काढलं, सुई लावली, बाटली लावली, आणखी एक बाटली लावली. तरुण डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ उरलेल्याच नाहीत. आतडी सोलली आहेत. जंतू मारायचं औषध शिरेतून सुरू केलंय. पुढचे काही दिवस अवघड आहेत. 'काही' म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. मेव्हण्याने फिरकीचा दंड धरून ठेवला.

सिस्टरनी टेबलावर कागद पसरला आणि त्यावर बरणी ओतली. शेजारी डबा. दोन ढीग. एक जीव वाचवायला दिलेला, जीव घ्यायला निघालेला; दुसरा मुंग्यांनी भरलेला. रंगात फरक नाही.

"हुबेहूब केल्यात," त्या म्हणाल्या. कौतुक नव्हतं ते.

"हो," फिरकी म्हणाला.

"त्यांनी ऐकलं नाही, तर मला सांगायचं होतं. त्यांना समजावणं माझं काम आहे, भांडणंही माझंच. तुम्ही साखर कसली वळत बसलात?" मग त्यांचा आवाज खाली आला. "हात सोलायला लागले तेव्हाच फोन आला असता तर आम्ही डोस कमी केला असता. बंद नसता केला. कमी करून चालू ठेवला असता. असं सगळ्यांचंच होतं हो, कितीतरी जणींचं."

दार अर्धं उघडं होतं. फिरकीने आत बघितलं. बायकोचे डोळे उघडे होते. तिने ऐकलं होतं. तिचा चेहरा हलला नाही, फक्त एक थेंब कानाकडे उतरत गेला आणि उशीत मुरला.

"आणि आता?" फिरकीने विचारलं.

"आता बंद. पेशी परत येईपर्यंत. आल्या तर बघू."

आल्या तर. फिरकीच्या डोक्यात ते दोन शब्द फिरत्या भांड्यातल्या गोळ्यांसारखे खडखडत राहिले.

त्याला तोंडाला मास्क लावून, हात धुवून आत सोडलं. तो खुर्चीवर बसला. ती छताकडे बघत होती. गोळ्यांची वेळ झाली होती. तिचा हात सवयीने चादरीवर उघडा पडला, तळवा वर. त्यात ठेवायला कुणाकडेच काही नव्हतं.

"आच गेली," ती म्हणाली. "आता धरणार दाणे."

गंमत करायची सवय अशी की या घडीलाही जिभेवर एक विनोद आला. फिरकीने तो गिळला. कारखान्यात दार लावून उभा होता तेव्हाचं त्याला आठवलं: पॉलिशचं भांडं, थर, आणि हातात घड्याळ धरून थांबलेला तो.

"पाक नाहीये तो," तो म्हणाला. "ऐक माझं. पॉलिश आहे ते."

तिने मान वळवली नाही.

"भांड्यात गोळ्या फिरतायत. तू एक थर ओतलास. लगेच दुसरा ओततेस का?"

तिची नजर छतावरच.

"सांग ना. मी नवीन होतो तेव्हा घाई केली होती. तूच बोंब मारली होतीस माझ्या नावाने. काय झालं होतं?"

"ढेकूळ," ती म्हणाली. "सगळ्या एकमेकींना चिकटल्या. भांडं छिन्नीने खरवडलं."

"मग काय करायचं असतं?"

तिने ओठ ओले करायचा प्रयत्न केला. फिरकीने कापूस पाण्यात बुडवून तिच्या ओठांना टेकवला, सिस्टरनी दाखवला होता तसा, हळूच.

"भांडं फिरतच असतं," तो म्हणाला. "आत काम चालूच असतं. आपण फक्त ओतायचं थांबतो, आधीचा थर वाळेपर्यंत. हे मी तुला पहिल्याच दिवशी खिडकीशी बसून सांगायला हवं होतं. सुचलंच नाही. मला साचाच सुचला."

ती आता त्याच्याकडे बघत होती. माल तपासायची तीच नजर. त्याच्या चेहऱ्यावर कुठे मख्खपणा आहे का, डोळ्यांच्या कडेला कुठे हसू दडलंय का, ती शोधत होती. इतक्या वर्षांत त्याने तिच्यासमोर कधीच एवढा उघडा चेहरा ठेवला नव्हता, आणि आता तो खरा म्हणून खपावा यासाठी त्याच्याकडे कुठलाच साचा नव्हता. फिरकीने नजर हलू दिली नाही. बाटलीतून थेंब पडत होते. बाहेर मेव्हणा कुणाला तरी फोनवर सांगत होता की नाही हो, खरंच, यावेळी खरंच.

"गंडवत नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"पेशी येतील म्हणाल्या का त्या?"

इथे खोटं बोलणं सगळ्यात सोपं होतं. जन्मभराचा हातखंडा. तोंडाशी आलेलं 'हो' फिरकीने मागे लोटलं.

"आल्या तर बघू म्हणाल्या."

तिने डोळे मिटले. फिरकीला वाटलं, संपलं, तिचा आपल्यावरचा विश्वास कायमचा उठला. तिचा उघडा हात तसाच चादरीवर होता, लाल, सोललेला, हात लावायची सोय नसलेला. त्याने आपला हात तिच्या हाताखाली सरकवला, नुसता आधाराला, वरून काही न दाबता.

ताप उतरला नव्हता. वरून लागणारा तो चटका त्याने तसाच सहन केला.

"वाळू दे मग," ती पुटपुटली.